खड्डेमास्तरांचं पाऊल

माझ्या बाबांनी आयुष्यभर भोकं पाडली. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग ‘म्हणजे?’ असं विचारतात, म्हणून आई पाहुण्यांना ‘हे क्लबात असतात’ एवढंच सांगून चहा पुढे करायची. मी मात्र नीट सांगते. गोल्फच्या मैदानावर अठरा ग्रीन असतात. ग्रीन म्हणजे अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, आणि त्यात सव्वाचार इंचांचं एक भोक, ज्यात खेळाडूचा चेंडू शेवटी पडायचा असतो. हे भोक एकाच जागी ठेवलं तर भोवतीचं गवत तुडवलं जाऊन मरतं, म्हणून ते रोज नव्या जागी पाडावं लागतं आणि कालचं बुजवावं लागतं. ते काम बाबांचं. क्लबात सगळे त्यांना खड्डेमास्तर म्हणायचे. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, पण बाबांना त्यातलं फक्त ‘मास्तर’ ऐकू यायचं.

काम सोपं वाटतं. मीही एकदा म्हणाले होते, “त्यात काय, दाबायचं आणि उपसायचं.” त्यावर बाबांनी मला एका सुट्टीच्या सकाळी मैदानावर नेलं आणि हातात कटर दिला. लोखंडाचं नळकांडं आणि वर आडवी मूठ. मी जोर लावून दाबला, पिरगाळला, उपसला. बाबांनी वाकून भोकाकडे पाहिलं आणि म्हणाले, “छान. यात कोंबडी अंडं घालेल.” त्यांच्या हातून भोक ओळंबा लावल्यासारखं सरळ खाली जायचं. कटरमध्ये आलेला मातीचा गड्डा ते तसाच अलगद नेऊन जुन्या भोकात बसवायचे, तळव्याने थोपटायचे, झारीने पाणी घालायचे आणि दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “कालचं भोक शोधून दाखवा.” इतक्या वर्षांत कोणालाही ते सापडलं नाही.

देशाची अजिंक्यपद स्पर्धा दर वर्षी आमच्याच क्लबात व्हायची. चार दिवस, चार फेऱ्या. क्लबाच्या मोठ्या दालनात लाकडी फळीवर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत होती आणि मेंबर लोक पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवत. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, “फळीवर कोण जिंकलं ते आहे. का जिंकलं ते माझ्या वहीत आहे.”

आणि ते खरंच होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी समितीचा माणूस ग्रीनच्या नकाशावर खुणा करून पाकीट बंद करून बाबांच्या हातात द्यायचा. उद्या भोक कुठे असणार हे कळणं म्हणजे खेळाडूला पेपर फुटण्यासारखं. बाबा संध्याकाळीच पाकीट उघडून खुणा पाठ करायचे, पहाटे त्या जागी भोक पाडायचे, आणि मग ग्रीनच्या कडेपासून स्वतःच्या पावलांनी अंतर मोजून स्वतःच्या वहीत लिहायचे. ‘सातवं. समोरून अकरा, डावीकडून चार. भोकाच्या खाली दोन पावलांवर उतार सुरू. दव गेलं की चेंडू पळतो.’ खाली दिवसभरात काय झालं ते. धुक्याच्या वर्षी भोकात रोवलेला झेंडा दिसेना म्हणून बाबा स्वतः झेंड्याशेजारी उभे राहून खोकत होते आणि खेळाडू खोकल्याच्या दिशेने मारत होते, हे कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही, पण वहीत आहे. ज्याला सगळे लंब्या म्हणायचे, तो तीन वेळा जिंकलेला खेळाडू, त्याचा चौथ्या वेळी शेवटचा हातभर अंतराचा टोला भोकाच्या कडेवरून फिरून बाहेर आला, तेव्हा तो बाबांवर धावून गेला होता, की तुमचं भोक गोल नाही. आई सांगते की बाबा म्हणाले, “भोक गोलच आहे साहेब, तुमचा हात चौकोनी झालाय.” बाबा म्हणतात, आपण असं काही बोललो नाही. वहीत फक्त एवढंच आहे: ‘अठरावं. भोक मोजलं. गोल.’

अशा तेहतीस वह्या. आईच्या लग्नातल्या ट्रंकेत तिच्या साड्यांच्या जागेवर त्यांनी अतिक्रमण केलं होतं, आणि तो आमच्या घरातला कायमचा तंटा होता.

त्या वह्या आणि बंद तोंड, एवढीच बाबांची कमाई. माझा मामा एका वर्षी स्पर्धेत एका खेळाडूची बॅग उचलत होता. त्याने आदल्या संध्याकाळी आमच्याकडे जेवता जेवता सहज विचारल्यासारखं विचारलं, “दाजी, उद्या चौदाव्यावर झेंडा पुढे का मागे?” बाबांनी त्याला भाजी वाढली. त्याने पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा भाजी वाढली. मामा ताट अर्धवट टाकून उठला आणि दोन वर्षं आमच्याकडे आला नाही. आई तेव्हा म्हणाली होती, “अहो, माझ्या भावाला नाही तर निदान मला तरी सांगायचं.” बाबा म्हणाले, “तुला सांगितलं तर तुला पोटात ठेवावं लागेल. कशाला त्रास?” खड्डेमास्तरांच्या तोंडून काही निघत नाही, ही क्लबात म्हणच पडली होती आणि बाबा त्यावर जगत होते.

आता पायाचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी स्पर्धेच्या तयारीत गवतावर फिरवायचा लोखंडी रोलर बाबांच्या डाव्या पायावर गेला आणि तीन बोटं गेली. ते लंगडत नव्हते. बुटात पुढे कापूस कोंबायचे आणि चालायचे. फक्त पाऊल आखूड पडायचं. आम्हा घरच्यांना ते अंगवळणी पडलेलं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर चालताना दोरीवरच्या उड्या मारत मारत जायचे, नाहीतर पुढे निघून जायला व्हायचं. मोठी माणसं चार पावलांत जेवढी जातात तेवढं जायला बाबांना पाच-सहा लागायची. शिवणाच्या टेपने मी एकदा मोजलं होतं. सव्वादोन फूट.

बाबांच्या पायाशी जुळवून घेणारा घराबाहेरचा एकच माणूस होता, असं बाबा मानायचे. क्लबाचे सेक्रेटरीसाहेब. बावीस वर्षं हा माणूस रोज सकाळी बाबांबरोबर मैदानाला फेरी मारायचा. बाकीच्या माळ्यांना ‘ए’ म्हणून हाक मारणारा साहेब बाबांना ‘अहो मास्तर’ म्हणायचा. नवव्या ग्रीनपाशी बाकावर बसून दोघं बाबांच्या थर्मासमधला चहा एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायचे. बाबा घरी येऊन सांगायचे, “साहेबांना सगळ्यातच घाई असते, पण माझ्याबरोबर असले की सावकाश चालतात. माझ्यासाठी.”

“तुम्ही पायाचं सांगितलंत का त्यांना?” आई विचारायची.

“सांगायला कशाला हवं? दिसतं की.”

आईला मात्र साहेब आवडायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायची, “झाकण परत देताना पुसून देत नाही.” आम्ही हसायचो. आता मला वाटतं, आईने सांगितलेली कारणं लहान असायची, पण माणूस तिला बरोबर कळायचा.

एके दिवशी साहेब घरी आला. पहिल्यांदाच. स्पर्धेच्या इतिहासाचं मोठं पुस्तक काढायचंय, म्हणाला. “मास्तर, फळीवरची नावं कोणीही छापेल. खरा इतिहास तुमच्याकडे आहे. पहिल्या पानावर तुमचा फोटो, खाली तुमचं नाव.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षांत आम्हालाही त्या वह्यांना हात लावायची परवानगी नव्हती, बाबाच त्यातलं वाचून दाखवायचे. मीच, या माझ्या हातांनी, त्या ट्रंकेतून काढल्या, वर्षाप्रमाणे लावल्या, प्लॅस्टिकमध्ये बांधल्या आणि साहेबाच्या गाडीत नेऊन ठेवल्या. साड्यांना जागा झाली म्हणून आईला चिडवलंसुद्धा. आई रिकाम्या ट्रंकेकडे बघत म्हणाली, “पावती घेतलीत का?” बाबा तिच्यावर चिडले. मित्राकडून कोणी पावती घेतं का?

दोन वर्षं पुस्तकाचा पत्ता नव्हता. बाबा विचारायचे, साहेब म्हणायचा, छपाईला वेळ लागतो. सकाळची फेरी चालू होती, चहा चालू होता. मग एकदाचं प्रकाशनाचं आमंत्रण आलं. आमंत्रण एकट्या बाबांना होतं, पण मी गेलेच. आईने शर्टाला दोनदा इस्त्री केली. बाबांनी बुटात नवा कापूस भरला.

आम्ही दालनात शेवटच्या रांगेत बसलो. पुस्तक वाटलं गेलं. बाबांनी पहिलं पान उघडलं. तिथे साहेबाचा फोटो होता. दुसरं, तिसरं. बाबा सावकाश एकेक पान उलटत होते आणि मी शेजारून बघत होते. चौऱ्याण्णवाव्या पानावर कटरचा फोटो सापडला. ग्रीनवर उभा कटर, आणि मुठीवर एक हात, मनगटापर्यंत. बाकीचा माणूस कापलेला. खाली लिहिलं होतं, ‘मैदानाची तयारी.’ बाबा त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. “माझाच आहे,” ते मला म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. त्यांना वाटलं, मी ओळखला नाही.

तेवढ्यात साहेब भाषणाला उभा राहिला आणि मला तो क्षण अजून जसाच्या तसा आठवतो, कारण आधी मी नीट ऐकतच नव्हते. तो म्हणाला, पुढच्या वर्षापासून राष्ट्रीय स्पर्धा या क्लबात होणार नाही. शहराबाहेर नवं खासगी मैदान तयार झालं आहे, संघटनेने त्याला मान्यता दिली आहे, आणि त्या मैदानाची जबाबदारी आपण स्वीकारत आहोत. दालनात गलका झाला. त्याने हात वर केला. “इतिहास कुठेही जात नाही, मित्रहो. हीच अठरा ग्रीन आपण तिथे जशीच्या तशी उभी केली आहेत. प्रत्येक चढ, प्रत्येक उतार. तेहतीस वर्षांच्या मोजमापांवरून.”

मेंबरांना काही कळलं नाही. माळ्यांना कळलं. भिंतीपाशी उभे असलेले आठ-दहा माळी एकदम वळून बाबांकडे बघायला लागले.

बाबांनी पुस्तक मिटलं. “साहेब मोजणीदार आत आणू शकले नसते,” ते हळू म्हणाले. “दुर्बीण लावून कोणी उभं राहिलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं. वह्या दिसत नाहीत.” केसाने गळा कापणं काय असतं ते मी त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे कामावर गेले. हेडमाळी, ज्याला बाबांनी कटर धरायला शिकवलं होतं, त्यांच्याशी बोलला नाही. हत्यारांच्या खोलीत कोणीतरी खडूने ‘घरभेदी’ असं लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि कटर घेऊन निघाले, तर अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. चौकशी वगैरे काही नाही. मोजमापं तुमचीच आहेत ना? आहेत. तुम्हीच दिलीत ना? दिली. मग उद्यापासून यायची गरज नाही. पुस्तकासाठी दिली होती, हे बाबांनी सांगितलंच नाही. मी डोकं आपटलं त्यांच्यापुढे. “का नाही सांगितलंत? तुमची काय चूक?”

“दिली तर मीच ना,” बाबा म्हणाले. “कोणाला सांगायचं नाही, एवढंच एक काम होतं.”

मामा भेटायला आला. वाटलं होतं टोमणा मारेल. पण तो बाबांच्या शेजारी बसून राहिला आणि जेवताना म्हणाला, “दाजी, मला सांगितलं नाहीत, ते बरंच केलंत.” बाबांच्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं.

महिन्याभराने दार वाजलं. मी उघडलं, तर समोर साहेब. हातात एक वही आणि खिशातून डोकावणारी मोजपट्टी. मी दार लावून घेणार होते, पण आतून बाबा म्हणाले, “येऊ दे.” त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. अजूनही त्यांना वाटत होतं की हा माफी मागायला आलाय. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी कीवही.

आईने चहा विचारला नाही. आमच्या घरात याहून मोठी शिवी नाही.

साहेबाने माफीचा म उच्चारला नाही. वही बाबांच्या मांडीवर ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला. नव्या मैदानावर लंब्याला चाचणी खेळायला बोलावलं होतं. तीन ग्रीन खेळून तो म्हणाला, हे ते नव्हे. इथे चेंडू पळतच नाही. सगळं पसरलंय, उतार मेलेत. असल्या मैदानावर स्पर्धा घ्याल तर मी संघटनेला पत्र लिहीन. “मलाही ग्रीन जरा मोठी वाटली होती,” साहेब म्हणाला, “पण म्हटलं, नवीन गवत आहे, दिसत असेल पसरट. आता जुन्या क्लबात जाऊन पाहावं, तर मला फाटकातून आत घेत नाहीत. मास्तर, वहीत काहीतरी चुकलंय.”

बाबांनी वही उघडली. सातवं ग्रीन. ‘समोरून अकरा’च्या पुढे कोणीतरी लाल पेनने लिहिलं होतं, गुणिले तीन. प्रत्येक ओळीत, प्रत्येक आकड्यापुढे, गुणिले तीन. बाबांनी त्या लाल आकड्यावरून बोट फिरवलं.

“पाऊल म्हणजे तीन फूट, असंच धरतात ना सगळीकडे?” साहेब म्हणाला.

“वही बरोबर आहे,” बाबा म्हणाले.

“मग?”

“पाऊल माझं आहे.”

साहेबाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने बाबांच्या पायाकडे पाहिलं. घरात बाबा अनवाणी असायचे. तीन बोटं नसलेला तो पाय फरशीवर उघडा होता, आणि साहेब त्याच्याकडे असा बघत होता की मला शंका राहिली नाही. हा माणूस तो पाय पहिल्यांदा बघत होता. “हे कधी झालं?” त्याने विचारलं.

साहेबाने खिशातून मोजपट्टी काढली. “मग सोपंच झालं. इथून दारापर्यंत जरा चालून दाखवता का? दहा पावलं. बाकी गणित आमची माणसं करतील.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी काहीतरी बोलणार होते, पण बाबांनी हात वर केला. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.

“साहेब, बावीस वर्षं तुम्ही माझ्या शेजारून चाललात.”

“हो तर.”

“सावकाश चालायचात. माझ्यासाठी.”

साहेब गोंधळला. खोटं बोलला असता तरी चाललं असतं. त्या वेळी मी मनातल्या मनात त्याला सांगत होते, बोल, एकदा खोटं बोल, तेवढं तरी देऊन जा. पण त्या माणसाला तेवढंही सुचलं नाही. “तुमच्यासाठी?” तो म्हणाला. “नाही हो. मला डॉक्टरांनी हळू चालायला सांगितलं होतं. छातीचा त्रास.”

बाबांनी मान हलवली, कोणी वेळ सांगितल्यावर हलवावी तशी. वही मिटली, कडेला ठेवली आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग कितीही वेळा विचारलं तरी ते उठले नाहीत. साहेब आधी गोड बोलला, मग नव्या मैदानावरच्या नोकरीचं बोलला, मग चिडला, मग मोजपट्टी गुंडाळून निघून गेला. दार मी लावलं. स्पर्धा त्या वर्षी कुठेतरी तिसरीकडेच झाली असं ऐकलं. बाबांनी चौकशी केली नाही, आणि पुन्हा नवी वही आणली गेली नाही. ती एक परत आलेली वही आईने स्वतःच्या साड्यांवर नेऊन ठेवली.

वह्यांचं बाबा कधी ना कधी विसरले असते, असं मला वाटतं. नोकरीचंही, खडूने लिहिलेल्या शब्दाचंही. पण त्या दिवसापासून ते चालताना खाली बघायला लागले.

परवा सकाळी मी त्यांना बळेच बाहेर काढलं. रस्ता मोकळा होता. मी नेहमीसारखी त्यांच्या बाजूने चालत होते, लहानपणापासून येतं तसं पाऊल आखडून. कोपऱ्यावरचं दुकान आलं. बाबा थांबले.

“तू पुढे जा. माझ्यासाठी हळू चालू नकोस.”

“तुमच्यासाठी कुठे?” मी हसत म्हणाले. “मी अशीच चालते.”

बाबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. ते हसत नव्हते.

“डॉक्टरांनी सांगितलंय का?” त्यांनी विचारलं.